चित्रातली बॅग, दारातली बॅग
घरबसल्या मोबाइलवरून पर्स, दप्तर आणि प्रवासी बॅग घेताना काय पाहावे?

शेतकऱ्याच्या घरात पिशवीवाचून एक दिवस जात नाही. बियाणे पिशवीतून येते, खत गोणीतून येते, आठवड्याचा बाजार पिशवीतून येतो. पूर्वी बाईमाणसाचे पैसे कनवटीला नाही तर बटव्यात असत आणि म्हाताऱ्याची पानसुपारी चंचीत. बाजाराला प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली पिशवी, रानात न्यायला खताच्या गोणीची शिवलेली पिशवी आणि लग्नाला जाताना लोखंडी ट्रंक, एवढ्यावर घर चालत असे. शाळेचे दप्तर म्हणजे जुन्या विजारीच्या कापडाची, आईने हाताने टीप मारलेली थैली.

आता घरातल्या माणसांची कामे वाढली. मुलगी तालुक्याला कॉलेजात जाते, तिला वह्या आणि डबा मावेल अशी बॅग लागते. सून बचत गटाचा हिशेब घेऊन बँकेत जाते, तिला पासबुक, कागद आणि मोबाइल नीट राहील अशी पर्स हवी असते. धाकट्याला दप्तर, थोरल्याला भरतीच्या परीक्षेला परगावी जायला पाठीवरची सॅक. हे सगळे तालुक्याच्या बाजारात मिळतेच असे नाही. मग घरातले कोणीतरी मोबाइल उघडते आणि एका बोटाच्या टिचकीसरशी शंभर बॅगा समोर येतात.

घरबसल्या माल मागवणे ही काही अगदी नवी गोष्ट नाही. आपल्या देशात टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. पी.ची सोय सुरू केली. मासिकातली जाहिरात पाहून पोस्टकार्ड टाकायचे, पोस्टमन पार्सल घेऊन आला की पैसे त्याच्या हातात द्यायचे आणि मग पार्सल उघडायचे. आजच्या ऑनलाइन खरेदीत पार्सल आल्यावर रोख पैसे देण्याची जी सोय आहे, तिचे मूळ रूप हेच. फ्लिपकार्ट या कंपनीने २०१० मध्ये ही सोय आणली आणि खेड्यापाड्यातल्या लोकांना ऑनलाइन खरेदीची भीड चेपायला तिची मोठी मदत झाली. सोय जुनी तशी अडचणही जुनीच आहे. पैसे आधी हातातून जातात आणि माल मागून डोळ्यांना दिसतो.

बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. ऑनलाइन बॅगेवरून हात फिरवता येत नाही. म्हणून हाताचे काम डोळ्यांनी आणि डोक्याने करावे लागते. ते कसे करायचे, हेच या लेखात पाहायचे आहे.

आधी माप, मग रंग

ऑनलाइन घेतलेल्या बॅगेबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे, “फोटोत मोठी दिसत होती, आली तर एवढीशी!” यात दर वेळी विकणाऱ्याची लबाडी असते असे नाही. चित्रात बॅग एकटीच असते. शेजारी माणूस किंवा वस्तू नसली की तिचा आकार डोळ्यांना कळत नाही.

उपाय सोपा आहे. चित्राखाली जे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, त्यात बॅगेची लांबी, उंची आणि रुंदी दिलेली असते. कधी इंचात, कधी सेंटिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. ते माप वहीत उतरवून घ्यावे आणि जुन्या वर्तमानपत्रावर मुलाच्या पट्टीने तेवढा चौकोन आखून कापावा. तो कागद काखेला लावून आरशासमोर उभे राहिले की बॅग केवढी हे लगेच समजते.

आपल्याकडे कामाचे एक ठोक माप लक्षात ठेवावे. सातबाऱ्याचा उतारा, बँकेचा अर्ज, शाळेचा दाखला हे बहुधा ज्या कागदावर छापून मिळतात तो ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. कचेरीच्या कामाला न्यायची पर्स किमान एका बाजूने ३२ सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूने २४ सेंटिमीटर नसेल, तर कागद दुमडावे लागतील. दिसायला गोड पण कागद न मावणारी पर्स तालुक्याच्या चकरांना काय कामाची?

पाठीवरच्या आणि प्रवासी बॅगांचे माप लिटरमध्ये देतात. दुधाच्या कॅनसारखेच ते समजावे. आत किती जागा आहे, एवढेच तो आकडा सांगतो. घरात २० लिटरचा पाण्याचा जार असेल तर तो डोळ्यांसमोर आणावा. २० लिटरची सॅक म्हणजे आत साधारण तेवढी जागा.

पट्ट्याची लांबीही पाहावी. एस.टी.च्या गर्दीत पर्स खांद्यावरून तिरपी घालून पुढे घेता आली, तर ती सांभाळायला सोपी जाते. पट्टा लहान-मोठा करता येतो की नाही, हे लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चामडे, रेक्झिन आणि मधली सगळी नावे

दुसरा घोळ कापडाच्या आणि चामड्याच्या नावांचा. आपण चामड्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या मालाला रेक्झिन म्हणतो. ऑनलाइन बाजारात मात्र त्याला निरनिराळी गोंडस नावे दिलेली असतात.

‘पीयू लेदर’, ‘फॉक्स लेदर’, ‘लेदरेट’ अशी नावे दिसली की ते चामडे नाही हे समजावे. कापडावर प्लॅस्टिकच्या जातीचा पातळ थर चढवून तो माल बनवतात. ‘व्हीगन लेदर’ हे नाव ऐकायला मोठे वाटते, पण बाजारातल्या बहुतेक मालात तेही हेच असते. असा माल वाईटच असतो असे नाही. तो हलका असतो, स्वस्त असतो, ओल्या फडक्याने पुसता येतो. पण पीयूच्या थराला ओलावा मानवत नाही. हवेतल्या दमटपणाने तो थर आतून कमजोर होतो आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटू लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे चार महिने भिंतींनाही ओल असते, तिथे हे अधिक लवकर घडते. बॅग वापरली नाही, नुसती कपाटात ठेवली, तरी घडते.

‘बॉन्डेड लेदर’ म्हणजे चामड्याचे तुकडे आणि चुरा डिंकासारख्या पदार्थाने एकत्र करून बनवलेला पत्रा. त्यात चामडे असते, पण अखंड चामड्याचा टिकाऊपणा नसतो. ‘जेन्युइन लेदर’ म्हणजे खरे चामडे, पण ते कोणत्या प्रतीचे हे त्या शब्दावरून कळत नाही. ‘फुल ग्रेन’ म्हणजे कातडीचा वरचा, अखंड आणि सर्वांत मजबूत थर. अर्थात त्याची किंमतही तशीच असते. चारशे रुपयांत फुल ग्रेन चामड्याची मोठी पर्स देतो असे कोणी म्हणत असेल, तर तो कलमी हापूस बोराच्या भावात विकतो आहे असे समजावे.

कापडी बॅगांत कॅनव्हास आणि पॉलिएस्टर-नायलॉन असे दोन मोठे प्रकार. कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड. ते धुता येते, फाटले तर शिवता येते, पण पाणी पिते. पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या बॅगेवर ‘डी’ हे अक्षर आणि पुढे-मागे एक आकडा असतो. डी म्हणजे डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. एकाच जातीच्या धाग्यात आकडा जितका मोठा तितका धागा जाड. रोजच्या दप्तराला ६०० डी हे कापड पुष्कळ ठिकाणी वापरतात. आकडाच दिलेला नसेल, तर कापड कसले आहे हे विक्रेत्याला विचारावे. बहुतेक ठिकाणी प्रश्न विचारण्याची सोय असते.

आणखी एक शब्द नीट वाचावा. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे थोड्या सरींना टिकणारी. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पाणी आत न जाणारी. आपल्या आषाढातल्या पावसात शाळेला चालत जाणाऱ्या मुलासाठी पहिला शब्द पुरेसा नाही. वरून घालायचे पावसाळी कव्हर सोबत मिळते का, ते पाहावे.

बॅग फाटते कुठे?

बॅग मधोमध क्वचितच फाटते. ती जाते तीन ठिकाणी : पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो तिथे, चेन असते तिथे आणि तळाच्या कोपऱ्यात. फोटो पाहताना याच तीन जागा मोठ्या करून पाहाव्यात.

पट्ट्याच्या मुळाशी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असेल, तर जोड मजबूत असतो. एकच आडवी टीप असेल तर भार पडल्यावर ती उसवते. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाचा तुकडा लावून शिवले आहे का, तळाला चार लहान पाय किंवा दुहेरी कापड आहे का, आतले अस्तर दिसते का, हे पाहावे. आतला एकही फोटो दिलेला नसेल, तर दाखवण्यासारखे आत काही नसावे असे धरून पुढे जावे.

दप्तराचे वजन मुलाच्या पाठीने मोजा

दप्तर घेताना मूल चित्र पाहते आणि आईबाप किंमत पाहतात. वजन कोणी पाहत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे ओझे कमी करण्याचा आदेश काढला आणि केंद्र सरकारचे दप्तराविषयीचे धोरण २०२० मध्ये आले. भरलेले दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये, असे त्याचे सूत्र आहे.

हिशेब करून पाहा. तिसरी-चौथीतल्या मुलाचे वजन २५ किलो असेल, तर वह्या, पुस्तके, डबा आणि पाणी धरून दप्तर अडीच किलोच्या आत हवे. आता रिकामे दप्तरच एक किलोचे असेल, तर पुस्तकांना उरले किती? म्हणून रिकाम्या बॅगेचे वजन ऑनलाइन पानावर लिहिलेले असते, ते आवर्जून वाचावे. दोन रुंद, आत गादी असलेले पट्टे असावेत आणि मुलाला ते दोन्ही खांद्यांवर घ्यायला शिकवावे. एका खांद्यावर लटकवलेले दप्तर मुलाला एका अंगाला वाकवते. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून फार मोठे दप्तर घेऊ नये. मोठे घेतले की ते भरले जाते, आणि ओढावे लागते त्या लेकराला.

तारे, ताशे आणि घाई

प्रत्येक बॅगेखाली ग्राहकांनी दिलेले तारे असतात. पाचांपैकी साडेचार तारे दिसले की आपण भुलतो. पण तारे किती लोकांनी दिले ते पाहावे. दहा लोकांचे पाच तारे आणि दोन हजार लोकांचे चार तारे यांत दुसरे अधिक भरवशाचे. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेण्याचा धंदाही चालतो. त्याला आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक ठरवले. तरी आपली सावधगिरी आपण बाळगावी.

एक रीत सांगतो. आधी एक आणि दोन तारेवाले अभिप्राय वाचावेत. पार्सल उशिरा आले म्हणून कोणी चिडले असेल तर ते सोडून द्यावे. पण चार वेगवेगळी माणसे ‘महिन्यात चेन गेली’ असे लिहीत असतील, तर ती चेन तुमचीही जाणार. ग्राहकांनी स्वतः काढलेले फोटो कंपनीच्या फोटोंपेक्षा खरे असतात. अंगणात, खाटेवर ठेवून काढलेल्या फोटोत बॅगेचा खरा रंग दिसतो.

‘फक्त दोनच शिल्लक’, ‘दहा मिनिटांत सवलत संपणार’ अशी घड्याळे पळताना दिसली, तर मोबाइल खाली ठेवून चहा करायला जावे. ग्राहकाला अशा खोट्या घाईला लावणे, न मागितलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात घालणे, शेवटच्या पायरीवर नवे आकार दाखवणे, अशा तेरा क्लृप्त्यांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे. बंदी असली तरी शेवटचे बटण दाबण्यापूर्वी बिलातली प्रत्येक ओळ वाचावी. किराणा दुकानाची यादी आपण तपासतोच की!

खोडलेली किंमतही अशीच फसवी असते. २,९९९ खोडून ४९९ लिहिले म्हणजे २,५०० रुपये वाचले असे नव्हे. ती बॅग २,९९९ ला कधी विकली गेली होती का, हा खरा प्रश्न. तीच किंवा तशीच बॅग आणखी दोन ठिकाणी पाहावी, म्हणजे खरा भाव कळतो.

नामांकित बॅगेची नक्कल

‘फर्स्ट कॉपी’ असा शब्द हल्ली तरुण मुलामुलींच्या तोंडी असतो. मोठ्या कंपनीचे नाव आणि शिक्का मारलेली, पण त्या कंपनीने न बनवलेली बॅग, म्हणजे फर्स्ट कॉपी. मराठीत त्याला नक्कल म्हणतात. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह लावून माल विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे आणि विकणाऱ्याला कैदही होऊ शकते. अशा मालाला पावती नसते, हमी नसते आणि बहुधा परत घेण्याची सोयही नसते.

बोगस बियाण्याने ज्याचे शेत गेले आहे, त्याला नकली शिक्क्याचे दुःख वेगळे सांगायला नको. बिननावाची पण चांगली शिवलेली बॅग ही नाव चोरलेल्या बॅगेपेक्षा केव्हाही बरी.

चारशेची पर्स आणि खात्यातले चाळीस हजार

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बॅग वाईट निघाली तर चारशे रुपये जातात. पण बॅगेच्या निमित्ताने कोणी खात्यात हात घातला, तर कांद्याची पट्टी, दुधाचा पगार, पीक विम्याची रक्कम, सगळेच जाऊ शकते. पुढच्या गोष्टी घरातल्या प्रत्येकाने, म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा, पाठ कराव्यात.

पहिली गोष्ट : पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. एखादा गोड आवाज म्हणेल, “ताई, तुमची पर्स संपली, पैसे परत पाठवतोय, तेवढा हा कोड स्कॅन करून पिन टाका.” तिथेच फोन ठेवावा. पिन टाकला की पैसे येणार नाहीत, जातील.

दुसरी गोष्ट : कंपनीचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तिथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. ज्या अॅपवरून बॅग मागवली, त्याच अॅपमध्ये मदतीची जागा असते. तिथूनच बोलावे. मदत करतो म्हणून कोणी मोबाइलचा पडदा पाहू देणारे अॅप घ्यायला सांगितले, तर ते घेऊ नये.

तिसरी गोष्ट : ओटीपी म्हणजे घराची किल्ली. काही कंपन्या पार्सल हातात देताना ओटीपी विचारतात. तो पार्सल समोर असेल तेव्हाच सांगावा. “ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा” असा फोन आला, तर ऐकू नये. बँकेचा ओटीपी तर कोणालाच सांगायचा नाही.

चौथी गोष्ट : फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतून एखादे अनोळखी दुकान उघडले आणि तिथे मोठ्या कंपनीची बॅग नव्वद टक्के सवलतीत दिसली, तर आगाऊ पैसे भरू नयेत. पत्त्यापाशी कुलपाचे चित्र दिसले म्हणून ते दुकान प्रामाणिक ठरत नाही. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही लिहिलेले वाटेत कोणी वाचणार नाही. दुकानदार साव की चोर, हे कुलूप सांगत नाही.

पाचवी गोष्ट : आपण न मागवलेले पार्सल रोख पैसे मागत दारात आले, तर घेऊ नये. घरातल्या सर्वांना विचारावे. कोणी मागवले नसेल तर सरळ परत पाठवावे. कर्ता माणूस रानात आणि म्हातारी घरात, अशा वेळी ही पार्सले खपतात. म्हणून काही मागवले असेल तर घरी आधी सांगून ठेवण्याची रीत घालावी.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर एक क्षणही वाया न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता अधिक.

पार्सल आल्यावर

बियाण्याची पिशवी फोडताना आपण तिचे लेबल आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवतो, कारण उगवण झाली नाही तर तोच पुरावा. बॅगेचेही तसेच करावे.

पार्सल फोडण्यापूर्वी त्यावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीपासून मोबाइलवर चित्रण सुरू करावे आणि बॅग बाहेर काढून सगळ्या बाजू दाखवेपर्यंत ते मध्ये तोडू नये. मग माप घ्यावे, चेन दहा वेळा उघडझाप करावी, पट्ट्यांना जरा झटका देऊन पाहावा, अस्तराची शिवण तपासावी. मन भरेपर्यंत किमतीची चिठ्ठी काढू नये आणि खोके टाकू नये. बिल मोबाइलवर आले असेल तर ते वेगळे जपून ठेवावे.

परत करण्याची मुदत खरेदीपूर्वीच वाचावी. कुठे सात दिवस असते, कुठे दहा, कुठे पैसे परत न देता फक्त बदलून देतात. आपल्या गावाचा पिनकोड टाकून परतीचे पार्सल न्यायला माणूस येतो का, तेही पाहावे. काही गावांत माल पोचतो पण परत न्यायला कोणी येत नाही. तसे असेल तर जवळच्या शहरातून नेहमीच्या दुकानात हात लावून घेणे शहाणपणाचे.

कायदा तुमच्या पाठीशी आहे

भगिनींनो, फसवणूक झाली की आपल्याकडे पहिले मौन पाळले जाते. “घरात कळले तर बोल लागेल”, “चारशे रुपयांसाठी कुठे भांडायचे?” असे म्हणून बाई गप्प बसते. याच गप्प बसण्यावर लबाडांचा धंदा उभा आहे. एकेकीचे चारशे करत हजार जणींचे चार लाख होतात.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियमही आले. त्या नियमांप्रमाणे माल सदोष, नकली किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ऑनलाइन कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करायचे असते. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असे बंधन आहे.

म्हणून पहिली तक्रार कंपनीकडे, लेखी, फोटो आणि चित्रणासह करावी. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहावा. तिथे दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते.

त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बहुतेक वेळा इथवर जावे लागत नाही. पण ही वाट आहे, एवढे माहीत असलेली बाई कंपनीशी वेगळ्या आवाजात बोलते.

हिशेब वर्षाचा करा

शेवटी किमतीची गोष्ट. समजा, ४०० रुपयांची पर्स आठ महिन्यांत पापुद्रे सुटून गेली. महिन्याला ५० रुपये पडले. १,२०० रुपयांची चांगली कापडी बॅग चार वर्षे चालली, तर महिन्याला २५ रुपये. स्वस्त कोणती आणि महाग कोणती, ते तुम्हीच ठरवा. शेतीच्या अवजाराला आपण हाच हिशेब लावतो.

असलेली बॅग टिकवली तर तीच सर्वांत स्वस्त. चेनचा रनर गेला की बॅग फेकू नये. बाजाराच्या दिवशी चप्पल-बॅगा शिवणारे कारागीर थोड्या पैशांत तो बदलून देतात. पावसाळ्यापूर्वी चामड्याच्या आणि रेक्झिनच्या बॅगा पुसून, कोरड्या करून, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून कापडी पिशवीत ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. मधून उघडीप पडली की सावलीत वारा द्यावा.

आणि बाजाराच्या पिशवीसाठी मोबाइलकडे पाहायचेही कारण नाही. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांना बंदी आहे. तेव्हापासून ठिकठिकाणच्या महिला बचत गटांनी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. त्या हातात घेऊन पाहता येतात, टीप ओढून पाहता येते आणि उसवली तर शिवणारी बाई आपल्याच पंचक्रोशीतली असते.

ऑनलाइन बाजार वाईट नाही. त्याने खेड्यातल्या मुलीसमोर शहरातल्या मुलीएवढीच निवड ठेवली. पण बाजार कोणताही असो, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात. माप वाचा, माल ओळखा, पिन जपा, बिल ठेवा आणि फसलात तर बोला. स्वतःच्या कमाईची पर्स खांद्याला लावून एखादी बाई ताठ मानेने बँकेची पायरी चढते, तेव्हा त्या पर्समध्ये तिच्या घामाचा पैसा असतो. तो जपण्याची विद्या तिला यायलाच हवी.